पंचवीस चालींचा कागद

बिल वॉल्श यांच्या हाती व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाची सूत्रं आली, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. त्याआधीची वीसेक वर्षं शाळेच्या मैदानावर, विद्यापीठांत आणि दुसऱ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली गेली होती. त्या क्षेत्रात हे नवलाचं नाही. १९७९ साली नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, २८ संघ होते. मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्च्याही अख्ख्या अमेरिकेत २८च, आणि त्यांच्याकडे डोळे लावून बसलेले सहायक प्रशिक्षक मात्र शेकड्यांनी. खुर्ची मिळणं अवघड, टिकवणं त्याहून अवघड. दोन-तीन हंगाम वाईट गेले की मालक नवा माणूस शोधू लागतो. वॉल्श त्या खुर्चीवर दहा हंगाम बसले. तेवढ्या काळात त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्स संघाला तीन वेळा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला आणि त्या खेळाची विचार करण्याची रीतच बदलून टाकली.

क्रिकेट पाहत वाढलेल्या वाचकाला या पदाचं वजन चटकन लक्षात येणार नाही. क्रिकेटमध्ये सामना सुरू झाला की निर्णय कर्णधाराचे. अमेरिकन फुटबॉलमध्ये सूत्रं प्रशिक्षकाच्या हातात राहतात. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. एकेक प्रयत्न पाच-सहा सेकंदांत आटोपतो, खेळ थांबतो, आणि त्या विरामात पुढची चाल ठरते. अकरा खेळाडूंपैकी कोणी कुठे धावायचं, कोणी कोणाला अडवायचं, चेंडू कोणाकडे जायचा, हे सगळं त्या एका चालीत बांधलेलं असतं. अशा साठ-सत्तर चाली एका सामन्यात लागतात. त्या चाली सीमारेषेबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यातून येतात.

तिथे साठ-सत्तर हजार लोक ओरडत असतात, घड्याळ पळत असतं. अशा गदारोळात माणूस नीट विचार करू शकत नाही, हे वॉल्श यांनी स्वतःपुरतं प्रामाणिकपणे मान्य केलं. त्यांच्या सगळ्या कामगिरीचं मूळ या कबुलीत आहे. मैदानावर सुचत नसेल तर आधी, शांतपणी, टेबलाशी बसून ठरवावं, असा त्यांचा साधा हिशेब होता. तो त्यांनी ज्या टोकापर्यंत नेला, तिथवर त्यांच्या आधी कोणी नेला नव्हता.

वॉल्श यांचा जन्म १९३१ सालचा, लॉस एंजेलिसमधला. सॅन होजे स्टेटमध्ये ते फुटबॉल खेळले, बॉक्सिंगही केलं. खेळाडू म्हणून नाव झालं नाही. एम.ए.साठी लिहिलेला प्रबंधसुद्धा फुटबॉलच्या डावपेचांवरचाच होता. फ्रीमाँटच्या एका हायस्कूलपासून सुरुवात करून ते बर्कली, स्टॅनफर्ड असे एकेक पायरी चढत गेले. १९६६ साली ओकलंड रेडर्समध्ये एक वर्ष काढलं, आणि १९६८ साली सिनसिनाटी बेंगल्स या नव्या संघात पॉल ब्राउन यांचे सहायक झाले. पॉल ब्राउन म्हणजे या खेळातले मोठे गुरुजी. खेळाडूंना वर्गात बसवून शिकवणं, चालींच्या वह्या करायला लावणं, प्रत्येक चाल बाहेरून निरोप्या खेळाडूकरवी आत पाठवणं, हे त्यांनी रूढ केलं होतं. वॉल्श तिथे आठ वर्षं राहिले.

त्यांची खरी शोधकथा सिनसिनाटीतच घडली, आणि तीही अडचणीतून. १९६९ साली बेंगल्सकडे ग्रेग कुक नावाचा तरुण क्वार्टरबॅक आला. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल सुरू करणारा आणि फेक करणारा खेळाडू. कुकचा हात असा होता की लांबच लांब फेकी सहज जायच्या. पण पहिल्याच हंगामात, कॅन्सस सिटीविरुद्ध, त्याचा खांदा दुखावला. त्या काळी ती इजा नीट ओळखता आली नाही. विश्रांती घेऊन तो पुन्हा खेळला, हंगामही गाजवला, पण त्याची कारकीर्द तिथेच संपल्यात जमा झाली.

त्याच्या जागी आला व्हर्जिल कार्टर. हाताला जोर बेताचा, लांबची फेक जमायची नाही. पण नजर अचूक, पाय चपळ, आणि डोकं गणिती. याच कार्टरने प्राध्यापक रॉबर्ट मॅकॉल यांच्यासोबत मैदानाच्या कुठल्या जागेवर चेंडू असला तर सरासरी किती गुण पदरात पडतात याचा हिशेब मांडणारा निबंध लिहिला आणि १९७१ साली तो एका शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. खेळांच्या आकडेशास्त्रात आज ज्या कल्पनेवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली जातात, तिची ही सुरुवातीची मांडणी, आणि ती करणारा माणूस रविवारी मैदानात उतरणारा!

असा क्वार्टरबॅक हाताशी असताना करायचं काय? मैदानाची लांबी शंभर यार्ड, रुंदी त्रेपन्नहून थोडी जास्त. तोवरची रीत अशी की चेंडू काखेत घेऊन मधून घुसायचं, बचावफळी जवळ आली की अचानक लांब फेक करायची. वॉल्श यांनी रुंदी वापरायला घेतली. पाच जण पाच दिशांना पळवायचे, त्यातले बरेचसे आडवे किंवा तिरके, आणि पाच-सात यार्डांवर छोटी फेक करायची. ज्याच्या हाती चेंडू आला त्याने तो घेऊन धावत सुटायचं. बचाव करणाऱ्यांना सगळी रुंदी झाकावी लागते, आणि झाकता झाकता कुठेतरी भगदाड पडतं.

हे सगळं पावलांवर मोजलेलं असे. क्वार्टरबॅकने तीन पावलं मागे घ्यायची की पाच, हे चेंडू पकडणाऱ्याच्या धावेच्या लांबीवरून ठरायचं. शेवटचं पाऊल टेकलं की चेंडू हातातून सुटलाच पाहिजे, मग पकडणारा अजून वळलेला नसला तरी चालेल. पहिला मोकळा नसेल तर दुसऱ्याकडे बघायचं, तो नसेल तर तिसऱ्याकडे. हा क्रमही ठरलेला. चेंडू पकडणाऱ्याच्या किंचित पुढे पडला पाहिजे, त्याचा वेग तुटता कामा नये, यासाठी वॉल्श एकेक फेक शेकडो वेळा घोटून घेत. १९७० साली बेंगल्सनी पहिल्या सातपैकी सहा सामने गमावले आणि पुढचे सातच्या सात जिंकून आपला गट जिंकला. पुढल्या वर्षी सर्वाधिक अचूक फेकी करणारा क्वार्टरबॅक कार्टरच ठरला. या पद्धतीला पुढे वेस्ट कोस्ट ऑफेन्स, म्हणजे पश्चिम किनाऱ्याची चढाई, म्हणू लागले, पण तिचं जन्मगाव ओहायो नदीकाठचं सिनसिनाटी आहे.

कागदाची सवयही तिथलीच. सामन्याआधी पॉल ब्राउन विचारत, सुरुवातीला काय काय करणार आहेस? वॉल्श चार-सहा चाली लिहून देत. ती यादी वाढत वाढत गेली, आणि सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचेपर्यंत पंचवीसवर आली. सामन्याच्या पहिल्या पंचवीस चाली आदल्या रात्रीच ठरलेल्या असत. खेळाडूंना त्या सांगून टाकलेल्या असायच्या, त्यामुळे ते रात्री मनातल्या मनात त्यांची उजळणी करत आणि सकाळी थोडे निश्चिंत उठत. यात एक हेरगिरीही होती. पहिल्या काही चालींवर समोरचा बचाव कसा हलतो हे टिपून ठेवायचं आणि उत्तरार्धात त्याचा फायदा उठवायचा. तिसऱ्या प्रयत्नात मोठं अंतर उरलं तर काय, गोलरेषेजवळ काय, शेवटच्या दोन मिनिटांत मागे असलो तर काय, या प्रत्येक प्रसंगाचे रकाने आखलेले असत. आज एनएफएलमधला जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षक असा चकचकीत वेष्टनातला कागद हाती धरून उभा दिसतो.

१९७५चा हंगाम संपला आणि ब्राउन प्रशिक्षकपदावरून निवृत्त झाले. त्यांच्या जागी आपलीच वर्णी लागणार, असं वॉल्श धरून चालले होते. ब्राउन यांनी निवड केली ती दुसऱ्या सहायकाची, बिल जॉन्सन यांची. आपल्याबद्दल इतर संघमालकांकडे ब्राउन चांगलं बोलत नव्हते, असं वॉल्श यांनी पुढे सांगितलं, आणि हे शल्य त्यांना आयुष्यभर बोचत राहिलं. एक वर्ष सॅन डिएगोत काढून ते स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. दोन हंगामांत १७ विजय मिळवले, आणि मग सॅन फ्रान्सिस्कोचं बोलावणं आलं.

त्या शहरावर तेव्हा सुतकी कळा होती. १९७८च्या नोव्हेंबरात महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि नगरसेवक हार्वी मिल्क यांचा नगरभवनातच खून झाला होता. फुटबॉल संघाची तर रयाच गेली होती. सोळापैकी चौदा सामने हरलेले, ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, पहिला मानाचा क्रमांक आधीच दुसऱ्या संघाला देऊन बसलेले. मालक एडी डीबार्टोलो जेमतेम ३२ वर्षांचे. त्यांनी वॉल्श यांना प्रशिक्षकपदाबरोबर खेळाडू निवडण्याचे अधिकारही दिले. पहिल्या हंगामाचा निकाल? पुन्हा दोन विजय, चौदा पराभव.

तरीही पाया त्याच वर्षी घातला गेला. १९७९च्या ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत, ८२व्या क्रमांकावर, वॉल्श यांनी नोत्र दाम विद्यापीठाचा क्वार्टरबॅक जो मोंटॅना निवडला. हाताचा जोर कमी म्हणून इतरांनी त्याला सोडून दिलं होतं. वॉल्श यांनी त्याचे पाय पाहिले, तोल पाहिला. ड्वाइट क्लार्क तर त्यांना योगायोगाने सापडला. क्लेमसनचा क्वार्टरबॅक स्टीव्ह फुलर याची चाचणी घ्यायची होती, आणि त्याच्या फेकी झेलायला हा गडी मैदानावर आला. दहाव्या फेरीत, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, वॉल्श यांनी त्याचं नाव घेतलं.

बदल मैदानाबाहेरही सुरू झाला. चेंडू कसा धरायचा यापासून कार्यालयातला फोन कसा उचलायचा इथपर्यंत प्रत्येक कामाचा दर्जा त्यांनी ठरवून दिला. सरावात शर्ट खोचलेला पाहिजे, नवख्यांचा छळ चालणार नाही, सरावात एकमेकांना विनाकारण जोरात पाडायचं नाही. सैनिकी खाक्यात वाढलेल्या खेळात हे नवीन होतं. निकालाकडे बघू नका, काम नीट होतंय का ते बघा, हे त्यांचं सांगणं. मला त्यांच्या साऱ्या कामात हा भाग सर्वांत मोठा वाटतो, कारण चौदा पराभवांच्या वर्षात असं बोलायला आणि तसंच वागायला धीर लागतो.

तो धीर एकदा सुटलाही. १९८०च्या हंगामात संघ लागोपाठ आठ सामने हरला. आठवा पराभव मायामीत झाला. परतीच्या विमानात वॉल्श खिडकीकडे तोंड करून रडत होते आणि खेळाडूंना दिसू नये म्हणून सहायक त्यांच्या आडोशाला बसले होते. हंगाम संपला की राजीनामा द्यायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मग गाडी थोडी रुळावर आली. डिसेंबरात न्यू ऑर्लीन्सविरुद्ध मध्यंतराला संघ ७–३५ असा मागे होता. तो सामना त्यांनी जादा वेळेत ३८–३५ असा जिंकला. राजीनामा राहिला.

१९८१चा हंगाम मात्र कोणाच्या हिशेबात नव्हता. बचावाच्या मागच्या फळीत रॉनी लॉट, एरिक राइट आणि कार्लटन विल्यमसन असे तीन नवखे, आणि तरी संघाने १३ सामने जिंकले. १० जानेवारी १९८२ रोजी कँडलस्टिक पार्कवर डॅलस काउबॉइज समोर होते. सॅन फ्रान्सिस्कोने त्या दिवशी सहा वेळा चेंडू गमावला होता. पाच मिनिटांहून कमी वेळ, सहा गुणांची पिछाडी, आणि स्वतःच्या गोलरेषेपासून फक्त ११ यार्डांवर चेंडू. मोंटॅनाने संघाला तिथून टप्प्याटप्प्याने डॅलसच्या सहा यार्डांपर्यंत आणलं. तिसरा प्रयत्न, ५८ सेकंद बाकी. वॉल्श यांनी त्याला बाजूला बोलावून शांतपणे सांगितलं, मनासारखं दिसलं नाही तर चेंडू बाहेर फेकून दे, अजून एक संधी आहे.

चाल होती स्प्रिंट राइट ऑप्शन. त्याच चालीवर पूर्वार्धात फ्रेडी सॉलोमनला टचडाउन, म्हणजे गोलक्षेत्रात चेंडू नेल्याचे गुण, मिळाला होता. आता सॉलोमन अडवला गेला. मोंटॅना उजवीकडे, सीमारेषेकडे, मागे सरकत पळतोय आणि सहा फूट नऊ इंच उंचीचा एड जोन्स दोघा साथीदारांसह त्याच्या अंगावर येतोय. फेक उंच गेली. इतकी उंच की बाहेरच जाणार असं वाटावं. गोलक्षेत्राच्या मागच्या कडेला क्लार्कने उडी मारून ती बोटांच्या टोकांवर झेलली. सामना २८–२७. अमेरिकेत आजही नुसतं ‘द कॅच’ म्हटलं की हाच झेल समजतात. पाहणाऱ्यांना तो चमत्कार वाटला, पण पहिला अडवला गेला तर दुसरा मागच्या रेषेवरून सरकत येईल आणि चेंडू उंचच टाकायचा, हे सरावात घोटून घेतलेलं होतं.

दोन आठवड्यांनी, २४ जानेवारीला, मिशिगनमधल्या पाँटियाक इथे सुपर बोल झाला. प्रतिस्पर्धी सिनसिनाटी बेंगल्स, आणि त्या संघाच्या कारभारात अजून पॉल ब्राउन! खेळाडू हॉटेलवर पोहोचले तेव्हा दारात एक पांढऱ्या केसांचा हमाल त्यांच्या बॅगा ओढू लागला. मोंटॅनाशी त्याची झटापटही झाली. गणवेश चढवून उभे राहिलेले ते वॉल्शच होते. पोरांच्या मनावरचा ताण उतरावा म्हणून त्यांनी हे सोंग घेतलं होतं. सामना २६–२१ असा जिंकला. ज्यांनी त्यांना डावललं होतं त्यांच्याच डोळ्यांदेखत.

पुढची वर्षं सगळ्यांना ठाऊक असलेल्या यशाची. १९८४च्या हंगामात नियमित १६पैकी १५ विजय आणि सुपर बोलमध्ये मायामीवर ३८–१६ अशी मात. १९८५ साली जेरी राइस हा रिसीव्हर, म्हणजे फेकी झेलणारा खेळाडू, मिसिसिपीतल्या एका लहानशा विद्यापीठातून उचलला. त्याच वर्षी रॉजर क्रेग हा एकाच हंगामात धावून आणि चेंडू झेलून, दोन्ही प्रकारे हजारावर यार्ड मिळवणारा पहिला खेळाडू ठरला. वॉल्श यांच्या पद्धतीत धावणाऱ्यालाही झेल घ्यावे लागत, त्याचा हा पुरावा. खेळाडू उतरणीला लागण्याच्या एक वर्ष आधीच त्याला मोकळं करावं, असं त्यांचं मत होतं. ते कठोर होतं आणि त्याने माणसं दुखावली. मोंटॅना तळपत असतानाच १९८७ साली त्यांनी स्टीव्ह यंग हा दुसरा क्वार्टरबॅक आणून बाकावर बसवला.

या सगळ्यामागे एक माणूस आतून झिजत होता. वॉल्श यांना पराभव पचत नसे, आणि आता विजयही पुरेसा वाटेनासा झाला. १९८७च्या हंगामात संघ १५पैकी १३ सामने जिंकला आणि बाद फेरीच्या पहिल्याच लढतीत मिनेसोटाकडून घरच्या मैदानावर २४–३६ असा हरला. त्या सामन्यात त्यांनी मोंटॅनाला बाहेर काढलं. डीबार्टोलो यांनी चिडून त्यांच्याकडचं संघाचं अध्यक्षपद काढून घेतलं. पुढल्या हंगामात अकरा सामन्यांनंतर सहा विजय, पाच पराभव अशी गत होती. तरीही २२ जानेवारी १९८९ रोजी मायामीत हा संघ सुपर बोलमध्ये उभा होता, आणि समोर परत बेंगल्स. त्यांचे प्रशिक्षक सॅम वाइश हे वॉल्श यांचेच जुने सहायक.

तीन मिनिटं दहा सेकंद बाकी, १३–१६ अशी पिछाडी, ९२ यार्ड अंतर. मोंटॅनाने घोळक्यात येऊन सहकाऱ्याला प्रेक्षकांत बसलेला विनोदी नट जॉन कँडी दाखवला आणि मग खेळायला सुरुवात केली. ३४ सेकंद उरले असताना त्याने जॉन टेलरला दहा यार्डांची फेक करून सामना २०–१६ असा जिंकून दिला. सामन्यानंतर कॅमेऱ्यासमोर, हा तुमचा शेवटचा सामना का, असा प्रश्न आला आणि वॉल्श यांचा बांध फुटला. काही दिवसांत त्यांनी पद सोडलं. वय ५७. त्यांच्या जागी आलेल्या जॉर्ज सीफर्ट यांनी लगेच पुढचा सुपर बोल ५५–१० असा जिंकला. आपण फार लवकर बाहेर पडलो, अशी खंत वॉल्श यांनी नंतर बोलून दाखवली.

ते पुन्हा स्टॅनफर्डला गेले, समालोचन केलं, फोर्टीनाइनर्सचे जनरल मॅनेजर म्हणूनही परतले. १९९३ साली हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली. ३० जुलै २००७ रोजी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

त्यांच्या शिष्यांचा पसारा मात्र वाढतच राहिला. माइक होल्मग्रेन त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि त्यांनी ग्रीन बेला विजेतेपद मिळवून दिलं. होल्मग्रेन यांच्या हाताखाली अँडी रीड घडले. माइक शॅनहन सीफर्ट यांच्या काळात सॅन फ्रान्सिस्कोत शिकले आणि त्यांनी डेन्व्हरला सलग दोनदा सुपर बोल जिंकून दिला. फेब्रुवारी २०२४मध्ये सुपर बोलला रीड यांच्या कॅन्सस सिटीची गाठ पडली ती शॅनहन यांचा मुलगा काइल याच्या फोर्टीनाइनर्सशी. म्हणजे दोन्ही बाजूंना एकच घराणं.

त्यांचं आणखी एक काम तेवढंच मोलाचं आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. १९८७ साली एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक नव्हता, खेळाडू मात्र निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय. ज्या ओळखींवर या नोकऱ्या मिळतात त्या वर्तुळात या लोकांना शिरकावच नाही, हे वॉल्श यांना दिसत होतं. बर्कलीचे समाजशास्त्रज्ञ हॅरी एडवर्ड्स त्यांचे सल्लागार होते. वॉल्श यांनी महाविद्यालयांतल्या कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना उन्हाळी शिबिरात बोलावायला सुरुवात केली. हे पाहुणे बैठकांना बसत, चालींच्या वह्या पाहत, खेळाडूंना शिकवत. लीगने पुढे हा उपक्रम सगळ्या संघांसाठी स्वीकारला आणि त्याला वॉल्श यांचं नाव दिलं. मार्विन लुईस, लव्ही स्मिथ, माइक टॉमलिन असे पुढचे मुख्य प्रशिक्षक त्यातून गेले. टॉमलिन यांनी २००९च्या फेब्रुवारीत पिट्सबर्गला सुपर बोल जिंकून दिला तेव्हा ते ३६ वर्षांचे होते, आणि तोवर तो जिंकणारे सर्वांत तरुण मुख्य प्रशिक्षक तेच ठरले. हा उपक्रम आज ३२ही संघांत चालतो.